तणनाशकाला न जुमानणारे गवत: दोन वाटा
हातकणंगले-शिरोळच्या गव्हात काय किंवा आजऱ्याच्या भातात काय, भांगलणीला माणूस मिळणे अवघड झाले की फवारणीचाच आधार उरतो. त्यामुळे गवतात प्रतिकार कोणत्या दोन वाटांनी येतो, हे जाणून घेणे कोल्हापुरातही गरजेचे आहे. तणनाशक औषध स्वतः हा प्रतिकार निर्माण करत नाही. असंख्य रोपांत आधीच असलेले एखादे वेगळे रोप तेवढे वाचते आणि पुढच्या हंगामात त्याचेच बी उगवते.

पहिल्या वाटेत औषध गवतातल्या ज्या विकराला (एन्झाइमला) चिकटते, त्यातील एखादे अमिनो आम्ल बदलते. क्लोडिनाफॉप हे गव्हातले तणनाशक स्निग्धाम्ले तयार करणारे विकर बंद पाडते. ती जागा बदलली की पूर्ण मात्रेतही रोप हिरवे राहते, मात्र दुसऱ्या विकरावर काम करणारे औषध त्याला मारू शकते.

दुसऱ्या वाटेत सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे औषध नेमक्या जागी पोहोचण्याआधीच त्याचे विघटन करतात. गहूही आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकातून साधारण असाच वाचतो! हरियाणा-पंजाबात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गुल्लीदंडा हे गव्हातले तण याच औषधाला दाद देईनासे झाले, ते मुख्यतः याच मार्गाने. माझ्या मते ही वाट अधिक घातक आहे, कारण कधीही न फवारलेले औषधसुद्धा तिच्यापुढे निकामी ठरू शकते, आणि पंपात टोपणभर औषध कमी घालण्याची काटकसर अर्धवट सहनशील रोपांना वाचवून ती क्षमता पिढ्यानपिढ्या साठवत नेते. पहिल्या प्रकारात औषधाचा गट बदलून बरेचसे भागते. दुसऱ्यात तेवढ्यावर विसंबता येत नाही, वाचलेले गवत बी धरण्यापूर्वी उपटून बांधाबाहेर काढावे लागते.