15 जूनला टांझानियात शाळा सुरू होत नाही

3,12,700 रुपये फसवणुकीत गेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण तो सख्ख्या भावासमोर उच्चारायला मला तीन आठवडे लागले.

मी कराडला राहते. 31 वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवला, 2024 मध्ये निवृत्त झाले. फेब्रुवारी 2025 मध्ये फेसबुकवर जाहिरात दिसली: टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी शहरात, तीन महिने शाळकरी मुलांना मार्गदर्शन करायचं, त्यांचा आत्मविश्वास वाढवायचा, राहणं-जेवण शाळेकडे. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. फॉर्म, व्हॉट्सॲप ग्रुप, 'दोनच जागा उरल्यात', रोज कुणीतरी हसऱ्या मुलांचे फोटो टाकणार.

मला हावरट म्हणू नका. पगार नव्हताच, आमिष कसलं? आणि मी तपासलं नाही असंही नाही. फोनवरचा माणूस म्हणाला, "बाई, तिथली मुलं सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत शिकतात आणि फॉर्म वनला, म्हणजे आठवीला, गेली की एकदम सगळं इंग्रजीत. हुशार पोरं वर्गात मुकी होतात." मी शोधलं, वाचलं. अक्षरशः खरं होतं. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेली माझी किती मुलं अशीच मुकी झालेली मी पाहिली आहेत! दहावीला बोर्डात चमकलेला मुलगा सहा महिन्यांत 'बाई, मला नाही जमणार' म्हणत शाळेत भेटायला येतो, तेव्हा काय वाटतं ते शिक्षकालाच कळतं. त्या माणसाने माझी दुखरी नस बरोबर हेरली. पहिल्या फोनपासून तो मला 'मॅडम' नाही, 'बाई' म्हणत होता. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती म्हणाला. मी विश्वास ठेवला.

पैसे असे गेले. 12 मार्चला नोंदणी, 15,500. 20 मार्चला पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षा प्रशिक्षण, 8,000. हे पैसे तर मी आनंदाने दिले. मुलांजवळ कुणालाही जाऊ देत नाहीत, म्हणजे संस्था जबाबदार आहे असं वाटलं. (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट आपणच पासपोर्ट सेवेकडून काढायचं असतं आणि त्याची फी 500 रुपये आहे, हे नंतर कळलं.) 2 एप्रिलला 'प्लेसमेंट', 1,20,000. 17 एप्रिलला तिथला निवास परवाना 46,000 आणि विमा 11,200. 5 मेला तिकीट, 52,000. 19 मेला अनामत, 60,000, परत आल्यावर मिळणारी.

आता त्या पत्राबद्दल लिहिते, कारण रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. 24 मार्चला शाळेचं नेमणूकपत्र आलं. लेटरहेड, शिक्का, मुख्याध्यापकांची सही. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं: शैक्षणिक वर्षाचा पहिला दिवस, 15 जून. मी ते दोनदा वाचलं आणि मला भरून आलं. 15 जून! नवे दप्तर, ओले रेनकोट, प्रवेशोत्सव, पहिलीची रडणारी पोरं. 31 वर्षं माझं वर्ष त्याच तारखेला सुरू झालं. टांझानियात शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि डिसेंबरमध्ये संपतं. जूनमध्ये तिथल्या शाळांना मधली सुट्टी असते. ते पत्र आफ्रिकेत लिहिलेलंच नव्हतं. ते इथे, आपल्यातल्याच कुणीतरी, आपल्याच शाळेची तारीख डोक्यात धरून लिहिलं होतं. आणि मी, भूगोल शिकवणारी बाई, दुसऱ्या देशाचं शालेय वर्ष वेगळं असू शकतं एवढं मनात आणू शकले नाही. तोवर माझे 23,500 गेले होते. तिथे थांबले असते तर उरलेले 2,89,200 वाचले असते.

तेव्हाच शाळेला थेट ईमेल करायला हवी होती. पत्रावरच्या पत्त्यावर नाही, स्वतः शोधलेल्या पत्त्यावर. मी ती जूनमध्ये केली. दोन दिवसांत उत्तर आलं: आम्ही कुणालाही बोलावलेलं नाही, आता सुट्टी आहे, तुमच्याबाबत झालं त्याचं वाईट वाटतं.

9 जूनचं मुंबई–अदिस अबाबा–किलिमांजारो असं तिकीट होतं. पीएनआर आला तेव्हा भाच्याने विमान कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला, नाव दिसलं, आम्ही निश्चिंत. 6 जूनला पुन्हा पाहिलं तर बुकिंगच नाही. ते नुसतं होल्डवर ठेवलेलं होतं, पैसे कधी भरलेच नव्हते. पीएनआर दिसला म्हणजे तिकीट निघालं असं समजू नका, ई-तिकीट क्रमांक मागा. 'बाई' म्हणणाऱ्याचा फोन त्या दिवसापासून बंद. मी पुण्याला जाऊन पिवळ्या तापाची लस घेतली होती, वहीत चाळीस स्वाहिली शब्द लिहून पाठ केले होते. शिक्षकाला तिथे 'म्वालिमू' म्हणतात.

मग पोलीस ठाणं. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग हे दिवाणी प्रकरण." दुसऱ्या दिवशी, "त्यांचं ऑफिस पुण्यात, तिथे जा." पुण्यात गेले तर, "पैसे कराडहून गेले, तिथे जा." चार तास बाकड्यावर बसवून एका साहेबांनी विचारलं, "या वयात आफ्रिकेत कशाला निघाला होता?" हा प्रश्न चोराला नाही, मला! 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम 173 मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते असं स्पष्ट लिहिलं आहे. हे मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा, "तुम्ही वकील आहात का?" 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे हे मला दोन्ही ठाण्यांत कुणी सांगितलं नाही, 17 जूनला एका हवालदाराने जाता जाता सांगितलं. तोवर 11 दिवस गेले होते. पैसे गेल्याचं कळताच आधी 1930 लावा, मग रडा. माझ्या बँकेच्या शाखेत उत्तर मिळालं, "खातं तुम्हीच जोडलंत, आम्ही काय करणार?" ज्या खात्यात पैसे गेले त्यात 1,140 रुपये उरले होते. पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयात लेखी अर्ज टपालाने पाठवला, पोचपावती आहे, उत्तर नाही. 31 वर्षं मुलांना सांगत आले की अडचणीत पोलीसकाकांकडे जा.

सगळे हप्ते एका माणसाच्या बचत खात्यात गेले, संस्थेच्या नावाच्या नाही. मी विचारलंही होतं. "बाई, परदेशी खात्याला वेळ लागतो." संस्थेच्या नावाचं खातं नसेल तर फोन ठेवा, एवढं तरी करा. टांझानियात विनावेतन काम करायलाही साधा व्हिसा चालत नाही, क्लास सी निवास परवाना लागतो. त्याचा अर्ज कोण, कुठे करतंय ते त्या शाळेलाच विचारा. आणि अख्ख्या काळात मला कुणी मुलांबद्दल एक प्रश्न विचारला नाही. वर्ग कसा सांभाळता, घाबरलेल्या मुलाशी कसं बोलता, काही नाही. जिथे मुलं असतात तिथली माणसं आधी हेच विचारतात. मीही नव्या शिक्षकांना हेच विचारत असे.

ग्रुपमधली आणखी चार माणसं सापडली आहेत. त्यातल्या दोघांसोबत सोमवारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज देणार आहे. चौथी डी.एड. झालेली 23 वर्षांची मुलगी आहे. आईच्या पाटल्या मोडून तिने 1,43,500 भरले. लग्नाचं बघताहेत म्हणून ती तक्रार करायला तयार नाही. तिने मला तिचं पत्र पाठवलं. त्यावरही 15 जूनच आहे. तुमच्याकडे असं पत्र असेल तर चॅट पुसू नका, फोन बदलू नका, पावत्यांच्या प्रिंट काढून ठेवा. आम्हाला आणखी पत्रं हवी आहेत.