सातशेचा ओबीडी डोंगल, सात महिन्यांनी

आज सकाळी किल्ली फिरवली तर गाडीने नुसतं ‘टक’ केलं. बारा दिवस गावी होतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड, आकडे मोबाइलवर दाखवणारा हा डोंगल ओबीडी सॉकेटलाच राहिला होता. तिथल्या १६ नंबरच्या पिनला किल्ली काढली तरी बॅटरीचा करंट असतोच, आणि या ठोकळ्याला स्विच नाही! निळा दिवा आपला बारा दिवस लुकलुकत बसला. जंप स्टार्टवाल्याने ४०० घेतले. हे आधी सांगून मोकळा होतो, कारण पुढे कौतुकच आहे.

घेतला तेव्हा गाडी सिग्नलला थरथरायची, चेक इंजिनचा दिवा लागलेला. कोड पी०१७१, मिक्श्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सर्व्हिस सेंटरने बॉनेटही न उघडता ऑक्सिजन सेन्सर बदलायचं ९,२०० चं एस्टिमेट हातात ठेवलं. अहो, तो बिचारा हवा जास्त झाली म्हणून ओरडतोय आणि तुम्ही त्यालाच काढताय?

डोंगलनेही आधी तोच कोड दाखवला. म्हटलं, गेले सातशे पाण्यात. मग फ्युएल ट्रिम उघडले, म्हणजे मिक्श्चर जुळवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय (+) की घटवतोय (−), ते आकडे; लाँग टर्म म्हणजे मुरलेली सवय, शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाचा. आयडलिंगला लाँग टर्म +२२, आणि २५०० आरपीएमला धरून ठेवलं की +४. पंप कमजोर असता तर लोडवर आकडा चढला असता. इथे उतरतोय, म्हणजे एअरफ्लो सेन्सरच्या पुढे कुठून तरी न मोजलेली हवा शिरतेय. आयडलिंगला इंजिन मुळात हवा थोडीच घेतं, म्हणून तेव्हाच ती जास्त नडते.

गॅरेजवाल्या काकांनी इंजिन तापायच्या आत एकेका पाइपवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला, मी मोबाइल धरून उभा. चीर असेल तिथून तो आत ओढला जाऊन पेट्रोलसारखा जळतो, मग कॉम्प्युटर पेट्रोल घटवतो. पीसीव्हीच्या (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत ओढून नेणाऱ्या) पाइपपाशी शॉर्ट टर्म +६ वरून थेट −११! पाइप वरून धडधाकट, पण खाली वळतो तिथे नखाएवढी चीर, रबर तेलाने फुगून मऊ झालेलं. नवा पाइप ३४० रुपये.

तरी आयडलिंगला +५ उरलाच. महिनाभर डोकं खाल्लं त्याने, काकांनाही पिडलं. आता वाटतं, तो ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा असावा. नुसत्या पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. गाडी २०१४ ची, ती तेवढं पेट्रोल वाढवून घेते. घेऊ दे.

डोंगल, पाइप, क्लीनर, आजचे ४०० धरूनही दोन हजारांच्या आतच आहे. पण एक स्विच द्यायला काय झालं होतं?