सोशल कॅपिटल मोजायचंय: सर्व्हे घ्यावा की नात्यांचा नकाशा काढावा?

मासेमारीच्या सामूहिक व्यवस्थापनावर थीसिस करणारे किंवा प्रोजेक्टचा बेसलाइन (सुरुवातीची मोजणी) करणारे बरेच जण याच ठिकाणी अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. सोशल कॅपिटल म्हणजे माणसांमधली नाती, विश्वास आणि त्यातून येणारं सहकार्य. त्यावरचं ऑस्ट्रॉम (सामायिक संसाधनं लोक कशी सांभाळतात याच्या अभ्यासक), पुटनम (सोशल कॅपिटलवर लिहिणारे अभ्यासक), बाँडिंग-ब्रिजिंग (गटातली घट्ट नाती आणि गटागटांमधले दुवे) हे सगळं तुम्ही वाचलेलं असणार, त्यात जात नाही. गावातले मच्छीमार एकत्र येऊन नियम पाळतील का, हे बऱ्याच अंशी त्यांच्या आपसातल्या नात्यांवर ठरतं एवढं आपण धरून चालू. ती नाती मोजायची कशी, हा प्रश्न आहे.

रस्ते मुख्यतः दोन. एक म्हणजे प्रश्नावली: विश्वास किती, किती गटांचे मेंबर आहात, अडचणीत कोण मदत करतं, मग सगळ्याचा मिळून एक स्कोर. वर्ल्ड बँकेची 2004 ची प्रश्नावली तुम्ही बघितलीच असेल, सहा भागांची, बहुतेकांचे सर्व्हे तिच्यातूनच कापून-जोडून बनलेले असतात. दुसरा रस्ता म्हणजे नेटवर्क मॅपिंग, ज्यात प्रत्येकाला विचारायचं की मासळी कुठे लागतेय हे तुम्ही कुणाला सांगता, जाळं फाटलं तर कुणाकडे जाता, कुणी बंदीत मासेमारी केली तर कुणाशी बोलता, आणि नावं घ्यायची. त्या नावांचा नकाशा बनतो. तिसरा प्रकार पैशांचे खेळ खेळवून सहकार्य तपासायचा, तो मी केलेला नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही.

मी दोन्ही वापरलंय. आधी सर्व्हेच, कारण गाइड, फंडिंग देणारे, सगळ्यांना तोच कळतो. आणि सर्व्हेच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच बरंच आहे. वीस गावांची एकमेकांशी तुलना करायची असेल तर दुसरा सोपा मार्ग नाही. प्रोजेक्टच्या आधी आणि नंतर असं दाखवायचं असेल तरी सर्व्हेच. गावातली सगळी माणसं पकडावी लागत नाहीत, सँपल चालतं, नवीन पोरं दोन दिवसांत ट्रेन होतात, डेटा सरळ रिग्रेशनमध्ये (कशाचा कशाशी संबंध हे आकड्यांतून काढायच्या पद्धतीत) जातो. एकजूट महत्त्वाची आहे हे मोठ्या पातळीवर दाखवायला तुलना लागतेच. गुटिएरेझ, हिलबॉर्न आणि देफेओ यांचा 2011 चा नेचरमधला पेपर घ्या: 44 देशांमधल्या 130 सह-व्यवस्थापित (सरकार आणि मच्छीमार मिळून सांभाळतात अशा) मासेमाऱ्या त्यांनी एकत्र पाहिल्या आणि यशाशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट निघाली चांगलं नेतृत्व, त्यामागोमाग व्यक्तीला किंवा गावाला ठरवून दिलेला कोटा, मग सामाजिक एकजूट आणि संरक्षित क्षेत्रं. त्यांनी प्रश्नावल्या वाटल्या नव्हत्या, आधीच्या अभ्यासांमधून माहिती काढली होती, पण मुद्दा असा की इतक्या ठिकाणांची तुलना करायला प्रत्येक ठिकाणाबद्दल एक साधा ठोकताळा लागतोच, आणि तो नकाशातून पटकन निघत नाही.

मग माझं मन का फिरलं? एका प्रश्नामुळे. 'इथल्या बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो, असं तुम्हाला वाटतं का?' एक ते पाच.

हा प्रश्न मी जिथे जिथे विचारला तिथे उत्तर जवळजवळ ठरलेलं असायचं, चार. माणूस ओट्यावर बसलेला, शेजारी त्याचा मेव्हणा जाळं विणतोय, पलीकडे मच्छीमार सोसायटीचा कुणीतरी कान देऊन ऐकतोय, आणि बाहेरून आलेला मी वहीपेन घेऊन विचारतोय की तुमचा शेजाऱ्यावर विश्वास आहे का. तो काय सांगणार? गावाची अब्रू कोण घालवेल? एकट्याला बाजूला घेऊन विचारलं तरी फार फरक पडला नाही, कारण मुळात 'बहुतेक लोक' म्हणजे कोण हे त्यालाही स्पष्ट नव्हतं. एक जण आपल्या बोटीवरच्या खलाशांचा विचार करून चार म्हणतो, दुसरा सगळ्या गावाचा विचार करून चार म्हणतो, माझ्या शीटमध्ये दोन्ही चार. आणि ज्या गावात हे चार-चार भरून आले होते त्याच गावात बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी उघड वापरली जात होती, कोण वापरतंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. स्कोरनुसार गाव उत्तम. धक्क्यावर लहान मासळीचे ढीग.

विश्वास नव्हता असं नाही म्हणत मी. होता, भरपूर होता, पण घरातल्या माणसावर असतो तसा. आणि तसा विश्वास असला की तक्रार करणं उलट अवघडच जातं. हे फक्त माझ्या गावाचं नाही. बोडिन आणि क्रोना यांचा 2008 चा केनियातल्या एका मासेमार गावावरचा अभ्यास जरूर वाचा. तिथेही सोशल कॅपिटल चांगलं निघालं, मासळी मात्र उपसली जात होती, आणि नियम मोडणाऱ्याबद्दल सांगायला लोक तयार नव्हते. शिवाय नेटवर्कमध्ये वजन असलेली माणसं बहुतेक एकाच प्रकारच्या धंद्यातली होती, त्यामुळे प्रश्न नीट ओळखलाच जात नसावा असं त्यांनी मांडलंय. सरासरी स्कोर काढून यातलं काय दिसलं असतं सांगा.

नेटवर्कच्या प्रश्नात माणसाला स्वतःच्या गावाला मार्क द्यायचे नसतात, काय केलं ते सांगायचं असतं. 'गेल्या बंदीत कुणाची बोट दिसली तेव्हा तुम्ही कुणाशी बोललात?' याला 'चार' असं उत्तर देताच येत नाही. एकतर नाव येतं नाहीतर 'कुणाशीच नाही' येतं, आणि ते 'कुणाशीच नाही' मला सगळ्या विश्वासाच्या स्कोरपेक्षा जास्त सांगून गेलं. नकाशा काढला तेव्हा दिसलं की मासळी कुठे लागतेय याची माहिती भावकीत जोरात फिरते, उधारी दोन-तीन दलालांभोवती गोळा झालीय, आणि नियम मोडण्याबद्दलच्या बोलण्याच्या रेषा जवळपास नाहीतच. एकाच गावाचे तीन वेगळे नकाशे. सर्व्हेने हे तिन्ही एकत्र ढवळून एक आकडा दिला होता.

दुसरी गोष्ट, सरासरीत गट गायब होतात. गावात दोन वाड्या असतील, दोन्ही आतून घट्ट, पण एकमेकींशी बोलत नसतील तर सर्व्हेत दोन्ही छान दिसतात. हवाईच्या टूना पकडणाऱ्या बोटींवरचा बार्न्स आणि सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास याच बाबतीत डोळे उघडणारा आहे. मच्छीमार माहिती देताघेताना मुख्यतः आपल्याच वंशाच्या लोकांमध्ये राहत होते, आणि शार्क चुकून किती अडकतात हे कोण कुठल्या गटात आहे त्याच्याशी जोडलेलं निघालं. ज्या गटात कमी शार्क अडकत होते तसंच बाकीच्यांनी केलं असतं तर 2008 ते 2012 मध्ये 46,000 च्या आसपास शार्क वाचले असते असा त्यांचा अंदाज. सगळ्यांना एकच 'विश्वास किती' विचारून ही भिंत सापडली नसती असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि तुर्कस्तानातलं अलान्या. ऑस्ट्रॉममुळे सगळ्यांना माहीत आहे, पण या नजरेने परत बघा. सप्टेंबरमध्ये जागांच्या चिठ्ठ्या, मग रोज एक जागा पूर्वेला सरकायचं, जानेवारीनंतर उलट पश्चिमेला. आज माझ्या जागेवर कुणी घुसला तर नुकसान माझंच, म्हणून पहारा मीच करणार. तिथल्या मच्छीमारांचं एकमेकांवर प्रेम असलं काय, नसलं काय, व्यवस्थेनेच प्रत्येकाला राखणदार करून ठेवलं होतं. तेव्हा तिथे जाऊन 'विश्वास एक ते पाच' विचारलं असतं तर कदाचित तीनच आलं असतं आणि तरीही नियम पाळला गेला असता. कोण कुणाला अडवतो हे विचारलं असतं तर मात्र सगळी व्यवस्था समोर आली असती.

बायकांचंही सांगायला हवं. सर्व्हे बहुतेक वेळा 'कुटुंबप्रमुख' पकडतो, म्हणजे पुरुष. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि सहकाऱ्यांच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे लहान प्रमाणावरच्या मासेमारीत गुंतलेल्या दर दहा माणसांत साधारण चार बायका आहेत, पकडण्यापेक्षा विक्री-वाळवण या टोकाला जास्त. नेटवर्कमध्ये त्या आपोआप येतात, कारण पुरुषच त्यांची नावं घेतात. भाव काय मिळेल, दलालाला किती द्यायचं, हे विचारायला माणूस कुणाकडे जातो? माझ्या नकाशात सगळ्यात मधोमध आलेल्या माणसांमध्ये मासळी विकणाऱ्या बायका होत्या आणि गावाच्या मासेमारी कमिटीत त्यातली एकही नव्हती.

आता नेटवर्कचा त्रास. तो कमी नाही. सँपल चालत नाही, शक्यतो सगळ्यांना भेटावं लागतं, आणि नेमका ज्याच्याकडे सगळे जातात तोच समुद्रावर असेल तर अख्खा नकाशा वाकडा होतो. गावाची हद्द कुठे धरायची? बर्फवाला आत की बाहेर? हंगामापुरते येणारे खलाशी? हे आधी ठरवावं लागतं आणि काहीही ठरवलं तरी कुणीतरी त्यावर वाद घालतंच. 'पाच नावं सांगा' म्हटलं की लोक पाचच सांगतात, सात असले तरी आणि तीन असले तरी. शेवटचं, गावागावांची तुलना जड जाते, आकाराने लहान गाव सहसा जास्त घट्ट दिसतं, त्यामुळे घनतेचे (शक्य नात्यांपैकी किती खरोखर आहेत याचे) आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका.

सगळ्यात गंभीर म्हणजे नावं. सर्व्हेची शीट हरवली तर फार काही होत नाही. पण नियम मोडणाऱ्याबद्दल कोण कुणाला सांगतो ही यादी चुकीच्या हातात गेली तर एखाद्याची बोट जळू शकते, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये. पहिल्या दिवसापासून नावांऐवजी कोड, कोडची वही वेगळी आणि कुलपात, आणि गावात परत दाखवायच्या नकाशावर एकही ओळखता येईल असा ठिपका नको. हे जमणार नसेल तर नेटवर्क करूच नका, सर्व्हे बरा.

तर कुणी काय घ्यावं? अनेक गावं, थोडा वेळ, आकडा मागणारं फंडिंग, असं असेल तर सर्व्हे घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त माझी विनंती एवढीच की विश्वासाचा तो एक ते पाचवाला प्रश्न काढून त्या जागी 'शेवटचं कधी कुणाला अडवलंत, आणि मग काय झालं' असा प्रश्न टाका. गावं एक-दोन असतील आणि तिथे खरोखर कमिटी उभी करायची असेल, नियम कोण राखणार हे जाणून घ्यायचं असेल, तर माझा कल नकाशाकडे आहे, कष्ट जास्त पडले तरी. वेळ अगदीच कमी असेल तर माहिती आणि उधारीचे नकाशे सोडून द्या आणि नियम मोडल्यावर कोण कुणाशी बोलतं हा एकच काढा. तेवढा जरी नीट निघाला तरी कमिटीत कुणाला बसवायचं याचं अर्धं उत्तर त्यात मिळतं.