कॅटलॉग टूलचे सात महिने: हिरवी टिक आणि तेरावा आकडा

या कॅटलॉग टूलच्या फीचर्सची यादी देत बसत नाही, डेमोत सगळ्यांनी पाहिलीच असेल. माल एका जागी भरायचा, तिथून तो आपल्या साइटवर, मार्केटप्लेसवर आणि शॉपिंग फीडमध्ये (म्हणजे ऑनलाइन खरेदीच्या शोधात दिसणारी मालाची यादी) जातो. मी स्टेशनरी विकते, अकराशेच्या आसपास एसकेयू, म्हणजे वेगवेगळ्या मोजल्या जाणाऱ्या वस्तू. सात महिने वापरतेय. लिहायचा आळस होता, पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसवेना.

एका पेन कंपनीच्या सगळ्या मालाच्या किमती बदलायच्या होत्या. टूलमधून सीएसव्ही (मालाच्या तक्त्याची साधी फाइल) काढली, स्प्रेडशीटमध्ये उघडली, किमती बदलल्या, सेव्ह करून परत चढवली. बारकोडच्या कॉलमला हातसुद्धा लावला नव्हता. पण स्प्रेडशीटला बारकोड म्हणजे नुसती मोठी संख्या. समजा ४०१२३४५६७८९०१ असा बारकोड असेल, तर ती त्याचं ४.०१२३५ई+१२ असं मोठ्या संख्येचं छोटं रूप करते आणि सेव्ह करताना सीएसव्हीतही तेच जातं. टूलने ते उलगडून ४०१२३५००००००० केलं. एकाच कंपनीच्या बारकोडचे सुरुवातीचे आकडे सारखेच असतात, त्यामुळे त्या कंपनीच्या अडतीसच्या अडतीस वस्तूंना एकच नंबर बसला.

आणि टूल काय म्हणालं? हिरवी टिक. ‘कॅटलॉग आरोग्य: ९८’.

मार्केटप्लेस बारकोड बघून वस्तू जुळवतं. त्याने हायलायटर, रिफिल, जेल पेन सगळं एका पानावर आणून ठेवलं. हायलायटरच्या फोटोखाली रिफिलचं वर्णन, आणि ऑर्डर येतेय ती तिसऱ्याच वस्तूची. दोन दिवसांत सात पार्सलं परत आली तेव्हा मला कळलं.

सपोर्टला फोन केला. पहिला माणूस म्हणाला, कॅशे क्लिअर करा. दुसरा म्हणाला, “मॅडम, तुमच्या फाइलमध्येच गडबड आहे.” मान्य! कॉलम टेक्स्ट म्हणून उघडायला हवा होता, चूक माझी. पण तपासणीचे पैसे मी तुम्हाला देते ना? तर म्हणे, “सिस्टिम चेक करते मॅडम, तेरा आकडे आहेत की नाही ते.”

म्हणजे नुसते आकडे मोजते. बारकोडचा तेरावा आकडा काय शोभेला असतो? पहिल्या बारा आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा, म्हणजेच चेक डिजिट. माझ्या बिघडलेल्या नंबराची बेरीज २९ येते, म्हणजे शेवटी १ हवा. तिथे ० आहे. कागदावर अर्ध्या मिनिटाचं काम. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉयमध्ये सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, त्या बारकोडातही चेक डिजिट होता. आणि या टूलला तो अजून जमलेला नाही. अडतीस वस्तूंना एकच नंबर कसा, एवढी साधी शंकासुद्धा आली नाही त्याला.

(स्प्रेडशीटचं म्हणाल तर तिची ही खोड जुनी. रंगवायच्या पुस्तकांचा वयोगट ४-६ लिहिला होता, तो साइटवर महिनाभर ‘४ जून’ दिसत होता. माझं तर काहीच नाही, २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावंच बदलली, कारण ‘मार्च१’ असं जनुकाचं नाव लिहिलं की त्याची तारीख व्हायची.)

इथपर्यंत रागात लिहून ठेवलं होतं आणि एक स्टार देणार होते. पण नंतर टूलमधली हिस्टरी, म्हणजे जुन्या बदलांची नोंद, सापडली. पहिल्या महिन्यात ‘हे कशाला हवंय’ म्हणून मी नाक मुरडलं होतं ती हीच. तिच्यातून फक्त बारकोडचा कॉलम मागे नेता आला, नव्या किमती जागेवर राहिल्या. चार क्लिक. मार्केटप्लेसवरची चिकटलेली पानं सुटायला नऊ दिवस लागले, पण तो दोष टूलचा नाही. एक स्टार वाढवला.

दुसरा वाढवला तो सक्तीच्या रकान्यांसाठी. सुरुवातीला जाम वैताग यायचा: मापं भरा, जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटर वजन) भरा, रेघ कुठली ते सांगा, नाहीतर वही लाइव्हच होणार नाही. माझं जुनं शीर्षक होतं ‘उत्तम दर्जाची आकर्षक वही’. आता आहे ‘ए५ वही, १४८ × २१० मिमी, १९२ पृष्ठे, एकेरी रेघ, ७० जीएसएम’. शॉपिंग फीडमध्ये शीर्षकाला १५० अक्षरांची मर्यादा असली तरी लोकांना बरेचदा पहिली सत्तरेकच दिसतात, त्यात ‘आकर्षक’ला जागा कुठली! आधी मी ‘१९२ पाने’ लिहायचे. गिऱ्हाइकं मोजून भांडायची, पानं ९६च आहेत म्हणून. बरोबरच होतं त्यांचं. टूलमध्ये पाने आणि पृष्ठे असे दोन वेगळे रकाने आहेत, तिथे माझी ट्यूब पेटली. ‘वाटली त्यापेक्षा लहान निघाली’ म्हणून परत येणाऱ्या वह्या तर जवळपास थांबल्यात.

एआयने लिहिलेली वर्णनं मात्र बंद करून टाका. साध्या वहीला त्याने ‘जलरोधक’ म्हटलं. तशी वही कुणी पावसात नेली असती म्हणजे?

आता पैशाचं. प्लॅन एसकेयूवर चालतो आणि प्रत्येक रंग वेगळा एसकेयू धरतात. बारा रंगांचं एक स्केचपेन म्हणजे बारा. तेही चालवून घेतलं असतं, पण डिलीट केलेला माल ट्रॅशमध्ये असेपर्यंत मोजला जातो, हे कुठेही लिहिलेलं नाही. दोनशे मेलेल्या वस्तूंचं भाडं मी पाच महिने भरलं. आजच ट्रॅश रिकामा करा.

वर्षाचा प्लॅन घेणार होते, आता महिन्याचाच ठेवलाय. चेक डिजिटचं सूत्र माझ्याच शीटमध्ये टाकलंय, चुकलं की लाल होतं. त्यावरून पाहिल्याशिवाय काही चढवत नाही. तिकिटावर उत्तर आलंय, ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.’

काल लॉगिन केलं तर आरोग्य अजून ९८च. ते दोन मार्क कशाला कापलेत ते पाहिलं. एका खोडरबराला दुसरा फोटो नाही.