‘कंट्रोल’ आणि ‘ॲलन वेक 2’: दोन खेळ, एकच दफ्तर

‘कंट्रोल’ हा व्हिडिओ गेम घ्यायचा असेल तर ‘अल्टिमेट एडिशन’ लिहिलेलीच डिस्क घ्या, हे आधी सांगून टाकते. आमच्या इंदूरला जेल रोडवरच्या एका दुकानात साधी आवृत्ती हातात ठेवत दुकानदार म्हणाला होता, "दीदी, सब इसी में है." नव्हतं. ‘फाउंडेशन’ आणि ‘एडब्ल्यूई’ ही दोन्ही जादा प्रकरणं त्यात नव्हती, आणि मी ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसलेय, म्हणजे हा खेळ ‘ॲलन वेक’शी कसा जोडलाय, ती बरीचशी त्या दुसऱ्या प्रकरणातच आहे.

हे खेळ बनवणारी रेमेडी ही फिनलंडमधल्या एस्पोची कंपनी, 1995 पासूनची. 2010 मध्ये त्यांनी ‘ॲलन वेक’ काढला. ब्राइट फॉल्स नावाच्या तळ्याकाठच्या गावात बायकोबरोबर सुट्टीला आलेला एक कादंबरीकार, ॲलन. बायको नाहीशी होते, आणि याला रानात टाइप केलेली पानं सापडू लागतात. पानं याचीच, पण ती कधी लिहिली हे याला आठवत नाही, आणि पानावर जे आहे ते थोड्या वेळाने समोर घडतं. ‘कंट्रोल’ आला 2019 च्या ऑगस्टमध्ये. तो सगळा न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी इमारतीत घडतो. जेसी फेडन ही मुलगी भावाच्या शोधात आत शिरते, आधीचे संचालक मरून पडलेले असतात आणि ती खुर्ची हिच्याकडे येते. वरवर पाहिलं तर या दोन खेळांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

देणंघेणं आहे ते कागदात. मी जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी करते. लाल बस्ते, खसऱ्याच्या नकला, नामांतरणाच्या नस्त्या यांत माझा दिवस जातो, त्यामुळे ‘कंट्रोल’मधलं फेडरल ब्युरो ऑफ कंट्रोल, म्हणजे त्या इमारतीतलं अतर्क्य घटनांची नोंद ठेवणारं सरकारी खातं, मला परकं वाटलंच नाही. आत मोबाइल चालत नाही, कारण ती इमारत नवी यंत्रं सहन करत नाही. टपाल हवेच्या नळ्यांतून जातं. एक फ्रिज आहे, त्याच्याकडे कुणीतरी सतत बघत राहायला लागतं, नजर हटली की अनर्थ. त्याच्यापुढे बसवलेला कर्मचारी बिचारा काचेआडून विचारत असतो की माझी पाळी बदलायला कुणी येणार आहे का. खेळ करणाऱ्यांनी ऑफिस किती बारकाईने पाहिलंय! भय आणि पाळीचं वेळापत्रक एकाच खोलीत आहेत, आणि दोन्ही खरी वाटतात.

आणि जागोजागी कागद. बैठकीची टिपणं, चौकशीचे अहवाल, अर्ध्याअधिक ओळींवर काळी पट्टी मारलेली पत्रं. हे कागद वाचलेच पाहिजेत अशी सक्ती कुठेच नाही. पळत पुढे गेलात तरी खेळ पुरा होतो. पण थांबून वाचलंत तर त्यातच एका कागदावर ब्राइट फॉल्सचं नाव दिसतं. 2010 मध्ये आपण ज्या रात्री टॉर्च घेऊन रानात धावत होतो, त्या रात्रींची या ब्युरोने नोंद केली आहे, विभाग ठरवला आहे, पट्ट्या मारल्या आहेत. एका लेखकाचं सगळं दुःख कुणीतरी एका प्रकरणात बांधून ठेवलेलं बघून मला गलबलून आलं. नस्ती उघडणाऱ्याला त्यातल्या माणसाचं काय झालं हे कळत नसतं, हे मी रोज अनुभवते.

दोन खेळ जोडायची ही रीत मला सगळ्यात आवडली. ज्याला माहीत नाही त्याचं काही अडत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला मागचं सगळं आठवतं.

दुसरा सांधा गाण्याचा. ‘ॲलन वेक’मध्ये ओडिन आणि टोर अँडरसन हे दोन म्हातारे भाऊ होते. त्यांचा जुना रॉक बँड, नाव ओल्ड गॉड्स ऑफ अस्गार्ड. प्रत्यक्षात ही गाणी पोएट्स ऑफ द फॉल हा फिनलंडचा बँड करतो. ‘कंट्रोल’मध्ये शेवटाकडे एक चक्रव्यूह आहे, भिंती डोळ्यांदेखत सरकतात आणि वाट कुठेच निघत नाही. तिथून पार व्हायला आहती नावाचा सफाई कामगार आपला वॉकमन देतो. हेडफोन लावला की त्या दोघा म्हाताऱ्यांचं गाणं सुरू होतं, गाण्याबरोबर भिंती उघडत जातात आणि तुम्ही गोळ्या झाडत धावत सुटता. जुना खेळ न खेळलेल्यालाही तो भाग अंगावर येतोच. मी खेळले होते. पहिल्या ओळीलाच आवाज ओळखला आणि कंट्रोलर हातातून सुटायचा राहिला.

हा आहती पुढे ‘ॲलन वेक 2’मध्येही आहे (तो खेळ 2023 च्या ऑक्टोबरचा). माझे सासरे संध्याकाळी माझ्या शेजारी बसून बघत असतात. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. टीव्ही स्टुडिओच्या भागात आहती समोर आला तेव्हा ते ताठ बसले. "अगं, हा मागच्या खेळातला झाडूवाला ना?" म्हटलं, "हो बाबा, तोच." "मग तो इथे कसा आला?" मला काही सांगता येईना, कारण खेळही ते सांगत नाही. पण शब्द एक कळत नसताना माणूस चेहऱ्यावरून आणि गुणगुणण्यावरून ओळखला जातो, तेव्हा ती जोडणी पक्की झाली असं मी मानते. मार्टी सुओसालो या फिनिश नटाने ती भूमिका केली आहे आणि त्याने गायलेला फिनिश टँगो बाबांना आता चालीपुरता पाठ आहे.

‘ॲलन वेक 2’मधलं गाण्याचं प्रकरण तर बाबांनी मला पुन्हा लावायला लावलं. भयाच्या खेळाच्या मध्यावर अचानक रंगमंच उभा राहतो, बँड प्रत्यक्ष वाजवायला लागतो आणि ॲलनचं आतापर्यंतचं आयुष्य त्याच्यापुढे गाण्यातून मांडलं जातं. मागचा भाग न खेळलेल्याला गोष्ट कळावी म्हणून दुसरा कुणी असता तर त्याने चार ओळींचा सारांश दिला असता. यांनी संगीत नाटक केलं. उमेदीच्या दिवसांत गणेशोत्सवातल्या नाटकांना पेटीची साथ करणारे बाबा एवढंच म्हणाले, "पदातून कथा पुढे नेतायत, छान." याहून नेमकं परीक्षण मला जमणार नाही.

हे जाळं असं का विणलं गेलं, हे मात्र मला मालकीच्या कागदांवरून उमगलं. ‘ॲलन वेक’चे प्रकाशनाचे हक्क मायक्रोसॉफ्टकडून रेमेडीकडे परत आले ते 2019 मध्ये. त्याच वर्षी ‘कंट्रोल’ आला, आणि पुढच्या वर्षी, 2020 च्या ऑगस्टमध्ये, ‘एडब्ल्यूई’ प्रकरणात ॲलन उघडपणे दिसला. हे दोन्ही खेळ एकाच जगातले आहेत हे कंपनीने तेव्हा जाहीर केलं. ‘मॅक्स पेन’चं तसं नाही. तो त्यांचाच 2001 चा खेळ, पण त्याचे हक्क 2002 मध्येच टेक-टू या दुसऱ्या कंपनीकडे गेले. म्हणून ‘ॲलन वेक 2’मध्ये मॅक्सचं नाव कुठेही नाही, आहे तो ॲलेक्स केसी हा एफबीआयचा माणूस. चेहरा रेमेडीचे लेखक सॅम लेक यांचा, आवाज जेम्स मॅकॅफ्रीचा. पहिल्या ‘मॅक्स पेन’मध्येही चेहरा आणि आवाज याच दोघांचे होते. मॅकॅफ्री 2023 च्या डिसेंबरमध्ये गेले, म्हणजे खेळ आल्यावर दोनच महिन्यांनी. आता तो आवाज ऐकते तेव्हा ते मनात असतंच. ‘क्वांटम ब्रेक’ही रेमेडीनेच केलेला, 2016 चा, पण मालकी मायक्रोसॉफ्टची. त्याचा नायक झालेला शॉन ॲशमोर इथे शेरीफ आहे, आणि शेरीफचं आडनाव ब्रेकर. नामांतरण झालेल्या शेताचा जुना मालक बांधावरून जाताना आपल्या आंब्याला हात लावून जातो, तसं हे चाललंय. सातबारा दुसऱ्याचा, आंबा कुणी लावला ते सगळ्या गावाला ठाऊक.

नुसतं नाव पुन्हा वापरणं ही वेगळी गोष्ट आहे, हेही लक्षात ठेवा. ‘फायनल फँटसी’मध्ये जवळपास प्रत्येक भागात सिड नावाचा कुणीतरी भेटतो, पण तो दरवेळी निराळा माणूस, ती घरातली प्रथा झाली. ‘पोर्टल 2’च्या तळघरात ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्या खेळातल्या बोरिॲलिस जहाजाची रिकामी गोदी दिसते, ती खरी एका जगाची खूण, पण ‘हाफ-लाइफ’ची गोष्ट पुढे जहाजापर्यंत पोचलीच नाही. रेमेडीने खुणा ठेवल्या आणि नंतर त्यांचा पाठपुरावा केला. माझ्या कामात खुणा ठेवणारे पुष्कळ भेटतात, पाठपुरावा करणारे थोडे.

पाठपुराव्याचं उत्तम उदाहरण ‘द लेक हाउस’, म्हणजे ‘ॲलन वेक 2’चं 2024 मधलं जादा प्रकरण. यात आपण ब्युरोची एजंट किरण एस्तेवेझ असतो. तिची भूमिका केली आहे जनीना गवाणकर हिने. श्रेयनामावलीत आपल्याकडचं आडनाव बघून घरात आनंदीआनंद झाला. तळ्याकाठच्या संशोधन केंद्रात ब्युरोच्या लोकांनी एक भयंकर उद्योग मांडलाय: ॲलनसारखं लिहिणं यंत्राकडून करून घ्यायचं. एका दालनात टाइपरायटर रांगेने लावले आहेत, त्यांच्यासमोर कुणी बसलेलं नाही, आणि ते एकसारखे खडखडत पानं काढतायत. पानं हातात घेऊन वाचा. वाक्यं त्याच्या वळणाची, पण आत माणूस नाही. राक्षसांपेक्षा त्या खोलीत मी जास्त घाबरले. ‘कंट्रोल’मधले कागद वाचलेले असतील तर ब्युरोचा हा कोरडेपणा कुठून आला तेही कळतं.

आता जिथे कमी पडलं तेही सांगते. ‘कंट्रोल’चा नकाशा वाचता येत नाही. मजल्यावर मजला छापल्यासारखा दिसतो, आणि जिना शोधण्यात संध्याकाळ निघून जाते. वस्तू उचलून फेकायची मजा अखेरपर्यंत टिकते, बंदुका मात्र लवकर सारख्या वाटू लागतात. ‘ॲलन वेक 2’मध्ये एफबीआयची तपास अधिकारी सागा अँडरसन हिचा भाग (आडनावाकडे लक्ष असू द्या) फार सुंदर आहे, पण भिंतीवर फोटो चिकटवून तपास जुळवायचा प्रकार जागोजागी अडवतो. आपल्याला कळून चुकलेलं असतं आणि तरी फोटो लावत बसायचं. दोन्हींत वाचायला भरपूर इंग्रजी आहे. वाचायचा कंटाळा असेल तर निम्मा आनंद गेला. 2025 मध्ये आलेला ‘एफबीसी: फायरब्रेक’ ‘कंट्रोल’च्याच इमारतीत घडतो, तिघांनी मिळून खेळायचा, मला त्यात गोळीबार सापडला, गोष्ट नाही.

क्रमाबद्दल हट्ट धरते: ‘ॲलन वेक रिमास्टर्ड’, मग ‘कंट्रोल’ त्याच्या ‘एडब्ल्यूई’ प्रकरणासकट, मग ‘ॲलन वेक 2’, शेवटी ‘द लेक हाउस’. पहिल्याची लढाई आता जुनाट वाटते, पण ती पानं तुम्ही स्वतः रानातून वेचलेली असली पाहिजेत. एकच घ्यायचा असेल तर ‘कंट्रोल’. तो एकटा उभा राहतो. ‘ॲलन वेक 2’ एकटा घेऊ नका, मागचं माहीत नसेल तर त्याचा उत्तरार्ध अर्धाच पोचेल. तो सुरुवातीला फक्त डाउनलोड करूनच मिळत होता. 2024 च्या ऑक्टोबरपासून पीएस5 आणि एक्सबॉक्ससाठी ‘डिलक्स’ डिस्क निघाली आहे, तिच्यात ‘द लेक हाउस’ धरून त्याची दोन्ही जादा प्रकरणं येतात. पीसीवर खेळणार असाल तर एसएसडीवर 90 जीबी जागा मोकळी करा आणि ग्राफिक्स कार्ड किमान आरटीएक्स 2060 च्या तोडीचं आहे ना ते पैसे भरायच्या आधी बघून घ्या.