जुना बाजार, मंगळवार पेठ, पुणे: चांदीचे डाव-पळ्या शोधणाऱ्यांसाठी (साडेतीन स्टार)

बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. रविवारी गर्दीत वस्तू नीट निरखून बघणं होत नाही, त्यामुळे जमत असेल तर बुधवारी सकाळीच गाठा. पार्किंगचं विचारू नका, रिक्षाने जा.

मी लिहितोय फक्त वाढायच्या भांड्यांबद्दल. इथे "साहेब, प्युअर चांदी, इंग्रजांच्या वेळची" म्हणून जे पुढे करतात ना, त्यातलं बहुतेक मुलाम्याचं असतं. दांड्याच्या मागे ईपीएनएस ही अक्षरं दिसली की समजायचं, निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा थर, १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने पेटंट घेतलं तेच तंत्र, आणि आतल्या धातूत तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी अजिबात नाही. लोहचुंबक खिशात घालून येणाऱ्यांनो, तो यालाही चिकटत नाही, त्यामुळे ती टेस्ट घरीच ठेवा. त्यापेक्षा चमचा उलटा करा, पोट टेबलाला टेकतं तिथे मुलामा उडून पिवळट दिसतंय का बघा.

पण म्हणून नाक मुरडायचं कारण नाही! सूपचा खोलगट डाव, मासा वाढायचा जाळीदार रुंद पलिता, साखरेचा चिमटा, यांचा घाट इतका सुंदर असतो की मुलाम्याचं म्हणून मुलाम्याच्या भावात घेतलं तर माझ्या मते मस्त सौदा आहे, आणि पंगतीत कोण शिक्का बघतंय.

खरं इंग्लिश स्टर्लिंग (९२.५ टक्के चांदी) म्हणजे चालत्या सिंहाचा शिक्का, शिवाय नांगर असेल तर बर्मिंगहॅम, मुकुट असेल तर शेफिल्ड (तो १९७४ पर्यंतच). भिंग न्याच, शिक्के घासून पार पुसट झालेले असतात.

आपली ओगराळी, तुपाच्या पळ्या क्वचित मिळतात, त्यावर असले शिक्के नसतात, फार तर सोनाराची खूण. तिथे झाळ दिलेला सांधा आधी तपासा, दांडा तिथेच निखळतो. मग सरळ म्हणायचं, "काका, वजनावर बोला, मोडीच्या भावात." घडणावळीचे थोडे वर द्यायला माझी हरकत नसते, जुनं काम हातचं असतं. पण बिल मिळत नाही आणि आधी सराफाकडे नेऊन टच (चांदीची शुद्धता) काढू देत नाहीत, त्यामुळे खूण संशयास्पद वाटली तर कितीही आवडलं तरी चांदीचा भाव देऊ नका.