चाचणी फुकट, निकाल वीस हजार युरोंचा

१९९८ साली पॅरिसमध्ये एका बाईला मेट्रो स्टेशनबाहेर सायंटॉलॉजीवाल्यांनी (अमेरिकेत जन्मलेला, स्वतःला धर्म म्हणवणारा एक पंथ) गाठलं. व्यक्तिमत्त्व चाचणी देता का? फुकट आहे. चाचणीत दोष निघाले (निघणारच होते), मग पुस्तकं, कोर्स, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वर एक यंत्र. युरोच्या हिशेबात २०,००० हून जास्त गेले; आजच्या भावाने वीसेक लाख रुपये. चांगली शिकलेली माणसंही अशा जाळ्यात अडकतात, म्हणून हे लिहितोय.

त्या २०० प्रश्नांच्या चाचणीच्या नावात ऑक्सफर्ड आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाशी तिचा काडीचा संबंध नाही.

खरी गंमत यंत्राची. दोन्ही हातांत डब्यांसारख्या दोन नळ्या धरायच्या. त्यांतून अगदी क्षीण वीज जाते, तळहात घामेजले की त्वचेचा विद्युतरोध बदलतो आणि सुई हलते. लगेच समोरचा विचारतो, आत्ता काय आठवलं? सुई खरोखरच हलते, आणि माणूस तिथेच फसतो. तिचा अर्थ लावणारा मात्र कोर्स विकणाराच! 'आता तुम्हाला पुढच्या कोर्सची गरज नाही' हे सुईच्या कुठल्या हालचालीवरून ठरतं, एवढं विचारून बघा. १९७१ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने, रोगनिदानाला वा उपचाराला हे यंत्र निरुपयोगी आहे, अशी सूचना त्यावर लावायला लावली.

पंथाचा संस्थापक एल. रॉन हबर्ड विज्ञानकथा लिहायचा. आपल्या पद्धतीने 'क्लिअर', म्हणजे मनातल्या जुन्या जखमांतून मोकळ्या, झालेल्या माणसाची स्मरणशक्ती परिपूर्ण होते, असा त्याचा दावा. १९५० साली लॉस एंजेलिसच्या भरल्या सभागृहात त्याने अशी एक तरुणी उभी केली. हबर्ड पाठमोरा असताना कुणीतरी तिला त्याच्या टायचा रंग विचारला. तिला सांगता आला नाही. दावा तिथेच निकालात निघायला हवा होता, पण दुकान वाढतच गेलं. साडेसात कोटी वर्षांपूर्वी झेनू नावाच्या आकाशगंगेच्या हुकूमशहाने जीव पृथ्वीवर आणून ज्वालामुखींपाशी मारले, ही पंथाची कथा बरेच पैसे भरून वरच्या पायरीवर पोचल्यावरच कळते. पहिल्याच दिवशी सांगितली असती तर पाकीट कोणी काढलं असतं?

२००९ साली पॅरिसच्या न्यायालयाने संघटित फसवणुकीबद्दल संस्थेचं केंद्र आणि पुस्तकदुकान यांना मिळून ६ लाख युरो दंड केला. २०१३ मध्ये सर्वोच्च पातळीवरही तो कायम राहिला. संस्था विसर्जित करा, ही सरकारी वकिलांची मागणी मात्र बारगळली, कारण निकालाच्या काही महिने आधीच कायद्यातली ती तरतूद गळाली होती. २०२४ साली पॅरिसला लागूनच सां-दनीमध्ये त्यांचं नवं, भलंमोठं केंद्र उघडलं.